चेंबर कापलं, पत्रा लावला, झालं? नाही झालं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गाडीवाल्यांत एक सल्ला मोबाइलवरून फिरतोय. जुन्या जीपमध्ये दुसरं इंजिन बसवताना ऑइल चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) पुढच्या ॲक्सलला अडलं, तर अडणारा भाग कापा, पत्रा वेल्ड करा, तेल थोडं कमी भरा आणि गळलं तर सिलिकॉन लावा. कापायला आमची हरकत नाही. बाकीच्याला आहे.

“अडणारा भाग कापा.” किती अडतंय हे गाडी लिफ्टवर असताना दिसत नाही, कारण ॲक्सल तेव्हा खाली लोंबत असतो. स्प्रिंगचा मेन पाटा ठेवून बाकीचे पाटे काढा, बंप स्टॉप (ॲक्सलला वर अडवणारं रबर) टेकेपर्यंत ॲक्सल जॅकनं उचला, मग मोजा. इंजिन ज्यावर बसतं त्या माउंटचं रबरही दबतं, म्हणून त्या मापापेक्षा आणखी 20 ते 25 मिमी फट सोडा. त्याआधी त्याच इंजिनाचं दुसऱ्या मॉडेलचं चेंबर बसतंय का बघा; बसलं तर ग्राइंडरला हातच लावू नका.

“तेल थोडं कमी भरा.” गाडी मरते ती इथं. 20 सेमी लांब, 15 रुंद, 5 खोल तुकडा काढला की 1500 सीसी, म्हणजे दीड लिटर जागा गेली. साडेचार लिटरच्या इंजिनाचा तिसरा हिस्सा! चोर्ला घाटाच्या वळणावर उरलेलं तेल एका अंगाला पळतं, पिकअपची (पंप तेल ओढतो त्या नळीची) जाळी उघडी पडते, पंप हवा ओढतो आणि बिग एंडचे (कनेक्टिंग रॉड क्रँकला धरतो तिथले) बेअरिंग वाजायला लागतात. उलट जुन्या मापानं तेल भरलं तर पातळी चढून क्रँकची वजनं त्यात बुडतात, तेलाचा फेस होतो आणि फेसावर प्रेशर टिकत नाही. उपाय एकच: गेलेली जागा बाजूला परत द्या. ॲक्सल नाही तिथं 30 × 10 × 5 सेमीची पेटी जोडली की हिशोब जुळतो. पिकअपभोवती बॅफल, म्हणजे तेल अडवणारा पत्रा, लावा, त्याचे खालचे कोपरे तेल आत यायला कापलेले हवेत. डिपस्टिकची जुनी खूण आता खोटी. मोजून तेल भरा, इंजिन चालवून बंद करा, दहा मिनिटांनी नवी खूण करा.

पिकअपचा तर सल्ल्यात उल्लेखच नाही. जाळी आणि तळ यांत 6 ते 10 मिमी अंतर लागतं. तळावर कणकेचा गोळा ठेवून चेंबर गॅस्केटसकट आवळा, उतरवा आणि दबलेल्या कणकेची जाडी मोजा. पिकअपचा पाइप कापून ब्रेझ केला (पितळेनं जोडला) असेल तर जोड दोनदा तपासा. तिथल्या बारीक भोकातून तेल गळत नाही, हवा आत जाते, म्हणून ते कुणाला दिसत नाही. पाइपला ब्रॅकेट हवाच, नाहीतर कंपनानं तो जोडाशी तडकतो.

“पत्रा वेल्ड करा.” नुसता केला तर फ्लँज (चेंबरची ब्लॉकला टेकणारी कड) वाकतो. चेंबर भंगार ब्लॉकला बोल्टनं आवळा, मिग वेल्डिंगचे 20-25 मिमीचे टाके जागा बदलत घाला, पाणी ओतू नका. नंतर सरळ पट्टी ठेवल्यावर 0.1 मिमीचा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) कुठंही जाता कामा नये. ओतीव ॲल्युमिनियमचं चेंबर टिग वेल्डिंगवाल्याकडंच द्या, पण आधी धुवा, तापवा, परत धुवा. मुरलेलं तेल वेल्डमध्ये बुडबुडे काढतं.

“गळलं तर सिलिकॉन.” तेलकट पत्र्यावर ते धरत नाही, आणि जास्त लावलेलं आत सुटून जाळीवर बसतं. बसवण्याआधीच बाहेरून खडू फासा, आत रॉकेल ओता, तासाभरानं बघा. डाग दिसेल तिथं परत वेल्ड. फ्लँजला 2-3 मिमीची एकच रेघ पुरते.

पहिल्यांदा चालू करताना डिझेलचा पुरवठा तोडून प्रेशरचा दिवा विझेपर्यंत थांबत थांबत स्टार्टर मारा. मग गेज लावून मोकळ्या मैदानात डाव्या-उजव्या अंगानं घट्ट गोल फिरा. वळताना काटा पडून परत चढत असेल तर घाटात जाऊ नका, चेंबर उतरवा: बॅफल किंवा पिकअपचं अंतर चुकलंय.