त्रास म्हणजे नक्की काय ओ?

आमच्या सांगलीतल्या अपार्टमेंटच्या जिन्यात एक लॅमिनेट केलेला कागद चिकटवलाय, 'इतरांना त्रास होईल असे वर्तन करणाऱ्यास रु. २०० दंड'. बास, एवढंच. मागच्या एप्रिलात आईनं गच्चीवर कुरडया घातल्या तर सेक्रेटरी काका पावतीपुस्तक घेऊन दारात, म्हणे जिन्यात चीक सांडला, त्रास झाला. आईनं ते कधीच पुसून काढलेलं, तरी पावती फाडलीच. आणि त्यांच्याच पोराच्या वाढदिवसाला साडेबारापर्यंत पार्किंगमध्ये स्पीकर दणदणत होता, तो मात्र आनंद!

हे आठवलं कारण परवा भडंग खाता खाता एक मित्र तावातावानं म्हणाला, शब्द मोघम आहेत असल्या फालतू कारणावरनं कोर्टं कायदे उडवतात आणि गुन्हेगार सुटतात. मला नाही पटलं. आयटी ॲक्टचं, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, कलम ६६अ बघा. 'अत्यंत आक्षेपार्ह' काही ऑनलाइन टाकलं, किंवा त्रास, गैरसोय व्हावी म्हणून खोटं काही पाठवत राहिलं तर ३ वर्षांपर्यंत कैद. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंदवर पोस्ट टाकली म्हणून पालघरच्या एका मुलीला अटक झाली आणि ती पोस्ट लाईक केली म्हणून तिच्या मैत्रिणीला पण. नुसतं लाईक हो! २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल केसमध्ये सुप्रीम कोर्टानं ते अख्खं कलम रद्द केलं. धमकीची, बदनामीची कलमं होती तिथंच राहिली, मग सुटलं कोण?

त्याहून भारी जुनी गोष्ट. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात (आपला विदर्भ तेव्हा त्यातच) १९४६ चा गुंडांविरुद्धचा कायदा होता, जिल्हा मॅजिस्ट्रेटनं गुंड ठरवलं की माणूस जिल्ह्याबाहेर. पण गुंड कोण? दांडगट, उनाड असले दोन-चार शब्द. १९६० मध्ये सुप्रीम कोर्टानं तो कायदाच पाडला, कारण गुंड कुणाला ठरवायचं याची धड कसोटीच त्यात नव्हती.

आता मोघम शब्द दिसला की लगेच कायदा पडतो असंही नाही. १९७० च्या के. ए. अब्बास या सिनेमा दिग्दर्शकाच्या केसमध्ये, सिनेमाच्या सेन्सॉरची होती ती, कोर्ट म्हणालं की शब्दाला वाजवी अर्थ लावता येत असेल तर तो लावून कायदा वाचवायचा. आणि पडला तरी मरतो कुठं, ६६अ गेल्यावरही पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवतच होते, शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला परत आदेश काढायला लागला.

मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हणालो, काका, त्रास म्हणजे काय ते लिहा तरी, स्पीकर किती वाजेपर्यंत, पाणी सांडलं तर काय. काका म्हणे, "लिहित बसलो तर कागद पुरायचा नाही." घरी आल्यावर आई माझ्यावरच खेकसली, "गप बस, लिहायला बसले तर पहिलं नाव कुरडयांचंच घालतील."