इंग्लंडमधल्या लिंकन शहराचे बिशप ह्यू यांच्याबद्दल फिरणारा मेसेज चुकीचा आहे

हंसासोबतच्या एका बिशपचं चित्र आणि खाली 'लिंकनच्या संत ह्यूंना ज्यूंनी मारलं' असा मेसेज ग्रुपवर फिरतोय, तो कृपया पुढे पाठवू नका. यात दोन वेगळ्या माणसांची सरमिसळ झालीये.

चित्रातले ह्यू ११८६ मध्ये बिशप झाले आणि १२०० साली लंडनमध्ये आजारपणाने गेले, कोणीही मारलं नाही. उलट ज्यूंवर हल्ले व्हायचे तेव्हा हा माणूस स्वतः जमावासमोर उभा राहायचा, आणि ह्यूंसोबत राहिलेल्या ॲडम नावाच्या साधूने त्यांच्या चरित्रात लिहून ठेवलंय की अंत्ययात्रेत लिंकनचे ज्यूही रडत होते. भूकंपात पडलेलं लिंकनचं कॅथेड्रल (मुख्य चर्च) परत बांधायला घेतलं तेही यांनीच.

दुसरा ह्यू म्हणजे नऊ वर्षांचा मुलगा, १२५५ मध्ये त्याचं प्रेत लिंकनमध्ये विहिरीत सापडलं आणि ज्यूंनी त्याचा बळी दिला असा आरोप झाला. माफीचं आमिष दाखवून कोपिन नावाच्या ज्यूकडून कबुली घेतली, तरी त्याला मारलंच, आणि राजा तिसऱ्या हेन्रीने आणखी १८ जणांना फाशी दिली. पुरावा काही नव्हता. आज कॅथेड्रलमध्येच फलक आहे की या 'नरबळी'च्या गोष्टी रचलेल्या होत्या आणि त्यात निरपराध ज्यूंचे जीव गेले.

ज्या बिशपने ज्यूंना वाचवलं त्यांचाच फोटो ज्यूंविरुद्ध वापरणं फार वाईट आहे. ज्यांनी फॉरवर्ड केलाय त्यांनी डिलीट करा आणि त्याच ग्रुपवर हे टाका.