सही केली होती म्हणे!

सांगलीहून आईचा फोन. "काय रे, तुमच्याकडे परसात लिंबू लावायचं तरी त्या आदिवासींना विचारावं लागतं?" तिला हे मामाने पाठवलेलं, मामाला आमच्याच पर्थच्या ग्रुपमधल्या कुणीतरी. म्हणजे इथली कंडी सांगलीला जाऊन माझ्याच कानावर परत आली.

फॉरवर्डचं म्हणणं असं: जुकान गॉर्जचा (वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या या घळीतल्या मूळ रहिवाशांच्या प्राचीन गुहा रिओ टिंटो या खाण कंपनीने २०२० मध्ये सुरुंगाने उडवल्या) बोभाटा सिडनीच्या पेपरवाल्यांनी केला, तिथल्या मूळ रहिवाशांनी सह्या केल्या, पैसे घेतले आणि मग बोंब मारली, खाणींची सगळी रॉयल्टी त्यांच्याच घशात जाते, आणि आता कायद्याने ते तुमच्या बागेतही घुसणार.

लिंबाचं आधी संपवतो. मूळ रहिवाशांची वारसास्थळं जपण्यासाठीचा वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याचा तो नवा कायदा १ जुलै २०२३ ला लागू झाला. ११०० चौरस मीटरपेक्षा लहान घरजागा त्यातून वगळलेल्याच होत्या. ८ ऑगस्टला प्रीमियर (म्हणजे राज्याचे मुख्यमंत्री) रॉजर कुक यांनी तो मागे घेत असल्याचं जाहीर केलं. नियम घाईत आले, शेतकरी गोंधळले, हे मान्य. सरकारने माती खाल्लीच. पण जो कायदाच उरला नाही तो बागेत घुसणार कसा?

रॉयल्टी राज्याच्या तिजोरीत जाते. मूळ रहिवाशांना मिळतं ते कंपनीशी झालेल्या करारातून, आणि १९९३ च्या नेटिव्ह टायटल (मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा पारंपरिक हक्क) कायद्याने त्यांना वाटाघाटीचा हक्क दिलाय, खाण अडवायचा नाही.

आता त्या सह्या. हे वाचून मात्र माझं डोकं फिरलं. माझंही घर खाणीच्याच पगारावर चालतं, म्हणून जास्तच.

करार होता. पैसेही होते. इथवर फॉरवर्ड खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. पुढचं सोयीस्कर गाळलंय. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने या प्रकरणाची चौकशी केली. तिच्यासमोर आलेली एकच गोष्ट पुरेशी आहे: ब्रॉकमन ४ ही खाण वाढवायचे रिओ टिंटोकडे चार पर्याय होते. तीन पर्यायांत गुहा वाचत होत्या. तिथल्या मूळ रहिवाशांना, म्हणजे पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांना, ते तीन पर्याय सांगितलेच नाहीत. चौथ्यातून सुमारे ८० लाख टन चांगल्या प्रतीचं खनिज जास्त मिळणार होतं.

तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या जुन्या वारसा कायद्याच्या कलम १८ खाली गुहा पाडायची मंजुरी मिळाली २०१३ ला. उत्खनन झालं त्यानंतर, २०१४ ला. हजारो वस्तू निघाल्या. त्यात माणसाच्या केसांचा विणलेला पट्टा, सुमारे ४००० वर्षांपूर्वीचा, आणि त्याचा डीएनए आजच्या त्याच लोकांशी जुळला. वस्ती तर ४६,००० वर्षांपूर्वीपासूनची. एवढं सापडल्यावर मंजुरीचा फेरविचार? त्या जुन्या कायद्यात तशी सोयच नव्हती. अपील जमीन वापरणाऱ्याला करता येत होतं. ज्यांचे पूर्वज तिथे राहिले त्यांना नाही.

"मग आधी का नाही बोलले?" करारातच त्यांच्या तोंडाला कुलूप होतं. उघड विरोध करायचा तर कंपनीची संमती हवी, अशी कलमं होती. समितीच्या अंतरिम अहवालाने ती काढून टाकायला सांगितलं. मे २०२० मध्ये त्यांनी एका कार्यक्रमासाठी गुहेत जायची परवानगी मागितली, तेव्हा कळलं की सुरुंग भरून तयार आहेत. २४ मे ला बार उडवला. ज्याला बोलायचीच बंदी, त्याची बाजू पेपरात आधी छापून यायची तरी कशी?

राहिले सिडनीचे पेपर. बोभाटा त्यांचा म्हणावा, तर रिओ टिंटोने स्वतः माफी का मागितली? मुख्याधिकारी आणि आणखी दोन बड्या साहेबांची खुर्ची का गेली? आणि इथला पेपर तेवढा निःपक्ष हेही मला पटत नाही. 'द वेस्ट ऑस्ट्रेलियन'ची मालक कंपनी आणि खाणींना कॅटरपिलरची यंत्रं विकणारी कंपनी, दोन्हींच्या डोक्यावर तेव्हा एकच केरी स्टोक्स होते. तिथली प्रत्येक बातमी खोटी असं मी म्हणत नाही, पण वाचताना एवढं ध्यानात असावं.

हे सगळं मामाला पाठवलंय. त्याचा नुसता अंगठा आला. लिंबाचं रोप शनिवारी आणतोय.