जुनं आहे म्हणून क्लासिक होत नाही ओ

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात, म्हणजे क्लासिकल भाषेचा दर्जा मिळाला, कन्नडला तो 2008 लाच मिळालेला, आणि तेव्हापासून आमच्या बेळगावात तुमचं जुनं की आमचं जुनं हा वाद काही संपेना. खरं कला आणि साहित्यातलं क्लासिक वयावरून ठरत नाही, हे माझं ठाम मत.

मला विचाराल तर क्लासिसिझम म्हणजे कलाकारानं स्वतःहून हद्द आखून घ्यायची आणि भावना कितीही उसळली तरी तिला त्या हद्दीतच उभी करायची. इथल्या किल्ल्यातलं जैन मंदिर, कमल बस्ती बगा, 1204 ची, रट्ट राजांच्या काळातली. मान वर केली की छताला उलटं दगडी कमळ, पाकळ्या 72, म्हणजे चोवीस तीर्थंकरांच्या तिप्पट. हिशोब एवढा पक्का आणि तरी बघताना हिशोब आठवतसुद्धा नाही!

फ्रान्समध्ये सतराव्या शतकात नाटकाला असेच नियम, एक जागा, एक दिवस, एकच गोष्ट. तिथला नाटककार रासीन, त्याचं 'फेद्र' 1677 चं, ग्रीक कथेवरचं, सावत्र मुलावर जीव जडलेली राणी. बोलणं सगळं यमकात, मापाच्या ओळींत, त्या राजपुत्राच्या मरणाची हकिकतसुद्धा दुसराच येऊन सांगतो. खरं त्या बाईला पळायला दुसरी जागा नाही, सावरायला दुसरा दिवस नाही, म्हणून तर तिची तगमग वाचणाऱ्याच्या अंगावर येते. नियम काढून टाका, ती तगमग पातळ होईल.

नियमाचा हट्टही झालाच म्हणा, 1637 मध्ये तिथल्याच कॉर्नेयचं 'ल सिद' नाटक लोकांनी डोक्यावर घेतलं तरी पंडित चुका काढत बसले. ते मला नाही पटत.

आणि आपले अण्णासाहेब किर्लोस्कर, आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे! त्यांनी कालिदासाचं शाकुंतल घेतलं, कथेची बांधणी सांभाळली आणि गायला दिल्या साक्या, दिंड्या, ओव्या, शिवाय कर्नाटकी चाली, इथल्या मातीत कानावर पडलेल्या. 1880 ला पुण्यात ते उभं राहिलं आणि मराठी संगीत नाटक तिथून खरं चालायला लागलं. कानडी चालीनं त्यात काही बिघडलं नाही, उलट कालिदास आपल्या माणसांच्या तोंडी बसला. जुनं कोणाचं म्हणून भांडणाऱ्यांनी, मग ते इकडचे असोत की तिकडचे, हे नाटक कुणाच्या खात्यात टाकायचं ते सांगावं.

इथं एकांकिका बसवणाऱ्या पोरांना एवढंच म्हणतो, त्या शाकुंतलाची संहिता मिळवा, मोठ्यानं वाचा, आणि पदं नुसती वाचू नका, गाऊन बगा.