पन्नाशीतला पोरखेळ : एका हितचिंतकांना उत्तर

‘आईच्या फोनचा पुनर्जन्म’ या मागच्या लेखाखाली परवा रात्री पावणेबाराला एक प्रतिक्रिया आली. सही : ‘एक हितचिंतक, पुणे’. हितचिंतकांनी नाव न लिहिण्याची आपल्याकडे जुनीच रीत आहे, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. खालीच उत्तर द्यायला बसलो होतो, ते लांबत गेलं, म्हणून वेगळं टाकतोय.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी : आईचा २०१७ सालचा फोन इतका रखडत होता की त्यातलं कंपनीचं सॉफ्टवेअर काढून मी त्यावर लिनिएजओएस हा कस्टम रॉम, म्हणजे स्वयंसेवकांनी बांधलेलं अँड्रॉइड, टाकला, आणि ते कसं केलं ते पायऱ्या पायऱ्यांनी लिहिलं. त्यावर हितचिंतकांचं म्हणणं असं. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना कुठलं सॉफ्टवेअर चालू द्यायचं ते ठरवणारा छोटा प्रोग्रॅम, अनलॉक केला की बँकेची अ‍ॅप्स कुरकुरतात, हे मी एका ओळीत उरकलं. अनलॉक केलेला फोन चोराच्या हाती लागला तर काय, याबद्दल मी चकार शब्द काढला नाही. फोन पूर्ण पुसला जातो हा इशारा फार उशिरा दिला. त्यांच्या भाच्याने माझा लेख वाचून त्यांच्याच जुन्या फोनवर प्रयोग केला आणि तो फोन आता सुरू होताना फिरत्या चिन्हावर अडकून बसलाय. आणि शेवटी, आठ-नऊ हजारांत नवा फोन मिळत असताना ‘हा पन्नाशीत सुचलेला पोरखेळ आहे, तो स्वतःपुरता करावा, लोकांना नादाला लावू नये.’

आधी जे मान्य आहे ते. पुसलं जाण्याचा इशारा अगदी वर, ठळक अक्षरांत हवा होता. बूटलोडर अनलॉक करायचं मी तिसऱ्या पायरीत सांगितलं आणि इशारा पाचव्या पायरीत दिला. क्रम चुकला, कबूल. काल सकाळी चहाच्या आधी तो दुरुस्त केला. लोक आधी पूर्ण लेख वाचतात आणि मग हात घालतात अशी माझी समजूत होती. पण स्वयंपाकाची कृतीसुद्धा फोडणी जळायला लागल्यावर पुढे वाचणारे असतातच. असो.

आता ‘पोरखेळ’.

हा शब्द मी दोन दिवस चघळतोय. बायको म्हणाली, सोडून द्या हो, कशाला तोंडाला लागता. सोडणारच होतो. पण आपण टीका केली असती तर एक गोष्ट होती, आपण वय काढलंत. मी चोपन्न वर्षांचा आहे, म्हणजे पन्नाशी उलटून गेली आहे. तपशिलाची एक चूक आपल्याही खात्यावर मांडतो.

माझे वडील मिरजेत रेडिओ दुरुस्त करायचे. दहा बाय आठचं दुकान. टेबलावर कथिलाची तार, राळेचा वास, आणि पाठ उघडी टाकून बसलेले मर्फी, बुश, फिलिप्सचे व्हॉल्व्हवाले सेट. आठवीत असल्यापासून मी संध्याकाळी तिथे बसायचो. एकदा म्हैसाळच्या बाजूचे एक शेतकरी सायकलच्या कॅरिअरला सेट बांधून घेऊन आले. त्यातून नुसती घरघर यायची. गावात कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, आता हा फेका, ट्रान्झिस्टर घ्या, स्वस्त पडतो. बाबांनी मागचा पुठ्ठा काढला, फुंकर मारून धूळ उडवली, फिल्टरचा कपॅसिटर बदलला, आणि डब्यातून सांगली आकाशवाणी बोलायला लागली. ते गृहस्थ पैसे द्यायच्या आधी दहा मिनिटं नुसते ऐकत उभे राहिले. बाबा तेव्हा पन्नाशीच्या आसपासच होते. त्यांना कुणी ‘पोरखेळ करता’ असं म्हणाल्याचं मला आठवत नाही. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. तिथे साठ वर्षांपूर्वीचा तंबोरा कुणी भोपळा जोडून घ्यायला आणला, तर ‘अहो, नवा घ्या ना’ असं त्याला कुणी सुनावत नाही. पुण्यात पद्धत वेगळी असेल.

मी स्वतः हे २०११ पासून करतोय. ६०० मेगाहर्ट्झचा फोन होता, त्यावर सायनोजेनमॉड ७ हा तेव्हाचा कस्टम रॉम टाकला, तोही एका चुलतभावाच्या लग्नाच्या आदल्या रात्री, कारण फोटो काढायला तोच फोन होता. तेव्हा आपल्या भाच्याचं वय काय होतं ते एकदा विचारा.

आणि ज्याला आपण पोरखेळ म्हणता त्याची थोडी कुंडली सांगतो. स्टीव्ह कॉन्डिक हा अमेरिकन प्रोग्रॅमर. सायनोजेन हे त्याचं इंटरनेटवरचं टोपणनाव. एचटीसी ड्रीम या पहिल्या अँड्रॉइड फोनसाठी २००९ मध्ये त्याने स्वतःचा रॉम बांधायला घेतला, तोच सायनोजेनमॉड. त्याच वर्षी गूगलने नोटीस धाडली : आमची अ‍ॅप्स यात भरून वाटायची नाहीत. आज लिनिएजओएस टाकताना आधी रॉमची झिप फाइल आणि मग, हवी असली तर, गूगल अ‍ॅप्सची वेगळी झिप टाकावी लागते, ही दुहेरी कटकट त्या नोटिशीपासूनची आहे. गूगल पोराटोरांना नोटिसा पाठवत बसत नाही. पुढे सायनोजेनची कंपनी झाली, आणि तिच्या भारतातल्या हक्कांवरून डिसेंबर २०१४ मध्ये मायक्रोमॅक्सने वनप्लसला थेट दिल्ली उच्च न्यायालयात खेचलं. वनप्लस वनची इथली विक्री काही दिवस बंद पडली होती. २०१६ च्या डिसेंबरात सायनोजेन कंपनीने हा उद्योग गुंडाळला, तेव्हा तोच कोड उचलून स्वयंसेवकांनी लिनिएजओएस उभं केलं. उच्च न्यायालयात विटीदांडूचे खटले चालत नाहीत, साहेब.

आणखी एक. आपल्या प्रतिक्रियेत ‘फोन रूट करणे’ हे शब्द सात वेळा आले आहेत. मी मोजले. मी आईचा फोन रूट केलेलाच नाही. रूट करणं म्हणजे फोनमधल्या सगळ्या कुलपांची मास्टर किल्ली स्वतःकडे घेणं, आणि त्यासाठी मॅजिस्कसारखं वेगळं काहीतरी टाकावं लागतं. रॉम बदलणं म्हणजे घराचा रंग, फरशी, वायरिंग बदलणं. दोन्हीसाठी बूटलोडर बहुधा अनलॉक करावा लागतो, एवढंच नातं. रूट न करता रॉम टाकता येतो आणि कंपनीचंच सॉफ्टवेअर ठेवून रूटही करता येतं. ज्याला एवढा फरक ठाऊक नाही, त्याने माझ्या लेखाला ‘अर्धवट माहितीवर आधारलेला’ म्हणावं? हे वाक्य मी एकदा खोडलं होतं. पुन्हा लिहिलं.

फोन जुना झाला म्हणून हळू झाला, हेही आपण गृहीत धरलंत. प्रोसेसर म्हणजे चप्पल नव्हे, तो झिजत नाही. आईच्या फोनमधल्या स्नॅपड्रॅगन ६२५ या प्रोसेसरचे आठ कोर पहिल्या दिवशी जेवढे पळायचे तेवढेच आजही पळतात. वाढतं ते वरचं ओझं. आईच्या फोनमध्ये कंपनीचा स्वतःचा ब्राउझर, स्वतःचं अ‍ॅप स्टोअर, व्हिडिओचं अ‍ॅप, गाण्यांचं अ‍ॅप आणि वर ‘फोन साफ करा’ म्हणून दिवसातून तीनदा ओरडणारं सफाईचं अ‍ॅप होतं. यातलं निम्मं काढताच येत नव्हतं. ३ जीबी रॅम. त्यातली निम्म्याहून जास्त फोन नुसता पडून असतानाच खाल्लेली. व्हॉट्सअ‍ॅप उघडायचं म्हटलं की फोन आधी दुसऱ्या कुणाला तरी बाहेर काढणार, मग याला आत घेणार, तोवर पहिला पुन्हा दारात. शिवाय साठवणूक गच्च भरली की लिहिण्याचा वेग मंदावतो, तो वेगळा. खरोखर झिजलेली वस्तू एकच होती, बॅटरी, ती साडेसातशे रुपयांत बदलली. कंपनीचं शेवटचं अपडेट येऊन तर जमाना झाला होता.

आणि हे रखडणं म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याला ते ‘दोन सेकंद थांबायची तयारी नसणं’ वाटतंय. आईचा फोन वाजायचा, आणि पडदा काळा. रिंग चालू, आई पदराने पडदा पुसतेय, बोट घासतेय, पुन्हा पुसतेय. हिरवं बटण उगवेपर्यंत समोरचा ठेवून द्यायचा. मग हाक : ‘बघ रे, कुणाचा होता?’ एकदा मामाने सलग चार वेळा लावला, पाचव्यांदा शेजारच्या काकूंना लावला आणि काकू चपला न घालता धावत आल्या. आता दुसऱ्या रिंगला बटण येतं. एवढंच झालंय. एवढ्यासाठीच केलं होतं.

‘नवा फोन घ्या.’ घेतला होता. दिवाळीत, धाकट्या भावाने. खोक्यातून काढला, आईने चार दिवस वापरला आणि परत खोक्यात ठेवला. जुन्या फोनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर एक ओरखडा आहे. रात्री उशीखाली हात घालून त्या ओरखड्यावरून तिला फोन उलटा की सुलटा ते कळतं. नव्याला ओरखडा नाही. आठ-नऊ हजारांचे हे हिशेब ऐंशीच्या घरातल्या माणसाला सांगून बघा.

बँकेबद्दल दोन शब्द, कारण आपण निवृत्त बँक अधिकारी असल्याचं दोनदा लिहिलं आहे. प्ले इंटिग्रिटी नावाची गूगलची तपासणी असते. अ‍ॅप तिला विचारतं, हा फोन कंपनीने दिला तसाच आहे का? बूटलोडर अनलॉक असला की उत्तर बहुधा ‘नाही’ येतं, आणि मग आत घ्यायचं की दारातूनच परत पाठवायचं हे ते ते अ‍ॅप ठरवतं. मी लेखात ‘काही बँकिंग अ‍ॅप्सना अडचण येऊ शकते’ असं लिहिलं होतं. मला ते पुरेसं वाटतं. आई पासबुक घेऊन बँकेत जाते, तिथे तिच्या ओळखीचे शिपाई आहेत. माझं स्वतःचं यूपीआय दुसऱ्या फोनवर आहे आणि त्या फोनला मी हात लावलेला नाही, पण तो मुद्दा वेगळा.

सुरक्षिततेचं म्हणाल तर आईच्या फोनला आता अँड्रॉइडचे सुरक्षा-पॅच मिळतात, आधी मिळत नव्हते. मोडेमचं वगैरे फर्मवेअर, म्हणजे त्या त्या भागाच्या आतलं सॉफ्टवेअर, मात्र कंपनीचं, जुनंच राहतं, ते खरं. चोराचा मुद्दा आपण लांबलचक मांडला आहे, त्यावर सवडीने लिहीन. आई फोन घेऊन गणपतीच्या देवळापलीकडे जात नाही.

‘लोकांना नादाला लावू नये’ हेही मला लागलं. मी कुणाच्या घरी केबल घेऊन गेलो नव्हतो.

राहिला भाचा. फिरतं चिन्ह म्हणजे फोन मेला असं नाही, चिन्ह फिरतंय म्हणजे तो उठायचा प्रयत्न करतोय. माझा अंदाज असा, की कंपनीच्या सॉफ्टवेअरने फोन एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे आतला डेटा कुलूपबंद केलेला होता आणि याने टीडब्ल्यूआरपी या रिकव्हरीत (रॉम चढवायला वापरतात त्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) जाऊन नुसतं ‘वाइप’ सरकवलं. त्याने जुनं कुलूप तसंच राहतं, नव्या सॉफ्टवेअरला ते उघडता येत नाही, मग ते दारातच गोल गोल फिरत बसतं. माझंही आईच्या फोनवर रात्री दीड वाजता हेच झालं होतं. स्वयंपाकघरात ओट्यावर फोन ठेवून पाऊण तास ते चिन्ह बघत उभा होतो, सकाळी आईला काय सांगायचं ते जुळवत. लेखात आता शोधलं, तर तिथे मी ‘डेटा वाइप करा’ एवढंच लिहिलंय. तेही बदललं आहे.

तर त्याला सांगा : आधी फोन निम्म्याहून जास्त चार्ज करायचा. मग पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबून रिकव्हरीत जायचं. काही फोनवर जोडी वेगळी असते, ती मॉडेलप्रमाणे बघून घ्यावी. ‘वाइप’मध्ये जाऊन खालचं सरकवायचं पट्टीबटण नाही, तर बाजूचं ‘फॉरमॅट डेटा’ दाबायचं. कीबोर्ड येईल, त्यावर इंग्रजीत ‘येस’ टाइप करायचं. मग रिकव्हरी पुन्हा चालू करून रॉमची झिप केबलने परत चढवायची, त्यावर गूगल अ‍ॅप्सची, आणि मगच फोन सुरू करायचा. फॉरमॅटने आत उरलंसुरलं सगळं जाईल, पण ते अनलॉक करतानाच गेलेलं आहे. मेमरी कार्ड असेल तर ते आधी बाहेर काढून ठेवावं. पहिल्यांदा सुरू व्हायला दहा-पंधरा मिनिटंही लागतात, तोवर बटण दाबू नकोस म्हणावं. तरीही अडला तर पडद्याचा जवळून फोटो काढून मला मेल करू दे, रात्री नऊनंतर मी बघतो. मेलमध्ये मॉडेलचं पूर्ण नाव लिही म्हणावं, नुसतं ‘मामाचा फोन’ असं नको.