पोराच्या माथी दोष मारण्याआधी

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, नावगे या कारखान्यांच्या पट्ट्यात कुठल्या शेडला आग लागली की दुसऱ्या दिवशी ठरलेलं ऐकू येतं, "पोरानं निष्काळजीपणा केला." मला हे अजिबात पटत नाही. ग्राइंडरपासून चार हातांवर पार्ट धुवायचा पेट्रोलचा ट्रे उघडा ठेवायचं कोणी ठरवलं? पोरानं तर नाहीच.

पेटते ती वाफ. पेट्रोलची पेटण्याजोगी वाफ उणे 40 अंशांच्या आसपासच तयार होते, थिनरमधल्या टोल्युइनची 4 अंशांना. म्हणजे आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेसुद्धा उघड्या डब्यावर ती असतेच. हवेपेक्षा जड असल्यानं फरशीवरून सरकत मशीनखाली, गटारीत साचते. ठिणगी लांब पडली तरी आग उलट डब्याकडे धावत येते.

मला सगळ्यात जास्त धास्ती रिकाम्या बॅरलची. "रिकामाच हाय की मामा, काय पेटतंय त्यात?" म्हणत पोरं पाणी साठवायला त्याचं तोंड गॅस कटरनं कापायला घेतात. भरलेल्या बॅरलात वाफेला जागाच कमी. रिकाम्यात तळाशी उरलेल्या थोड्याशा थिनरची वाफ हवेत मिसळते आणि कटर लागताच बॅरल फुटतो. बूच उघडून उन्हात ठेवला तरी भरवसा नाही. असा बॅरल शेडमध्ये कापायचाच नाही, पुरवठादाराला परत द्यायचा.

फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, स्पिरिटमधला मोल्ड कोट, म्हणजे साच्यावरचा लेप, साच्याला लावून पेटवतात. ती ज्योत फिकट निळी, भर उजेडात दिसतच नाही. विझली समजून पोरगा वर पुन्हा ब्रश फिरवतो आणि जाळ हातावर येतो. शेजारी कोटची बादली बिनझाकणाची. एका झाकणाला असा किती खर्च येतो हो?

2024 च्या ऑगस्टमध्ये नावग्याच्या चिकटपट्टीच्या कारखान्यातल्या आगीत लिफ्टमध्ये अडकलेला तरुण कामगार गेला. बाहेर पडायची सुरक्षित वाट हवी, ती कामगारांना ठाऊक हवी, आगीच्या वेळी काय करायचं ते त्यांना शिकवलेलं हवं, हे 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 38 मध्येच लिहून ठेवलेलं होतं. शिकवायचं तर त्याला कळेल अशा भाषेत. खानापूर-चंदगडच्या पोराला मराठीत, ओडिशा-बिहारच्या पोराला हिंदीत सांगा. नुसता बोर्ड टांगून भागत नाही.

खंडेनवमीला आपण मशीनपुढं निरांजन, उदबत्ती, कापूर लावतो. मालकांनो, यंदा पूजेआधी धुण्याचा ट्रे आणि थिनरचे डबे शेडबाहेर हवेशीर खोलीत हलवा, आणि दसऱ्यानंतरही तिथंच राहू द्या. तेलकट चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात टाका. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर पेट्रोल पाण्यावर तरंगत आणखी पसरतं, म्हणून पावडरचा किंवा फोमचा सिलिंडर दाराजवळ ठेवा. आणि तो प्रत्येक पोराच्या हातात देऊन एकदा चालवून घ्या.