किल्ली मावशींकडे आहे

आमच्या ऑफिसात कुणालाच लागलेली नव्हती, त्यामुळे ॲपचं डिझाइन फार निवांतपणे झालं. ॲप जवळचं स्वच्छतागृह शोधून देणारं. पहिल्या स्क्रीनला निळा रंग, मधोमध पाण्याचा थेंब आणि तो थेंब टपटप पडण्याचं ॲनिमेशन. "यूजर रिलॅक्स होईल," ते करणारा मुलगा म्हणाला. मी म्हटलं, तीच तर भीती आहे बाबा. लहान पोराला मोरीत उभं करून आया तोंडाने 'शूऽऽ' का करतात, हे त्याला घरी विचारून यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी थेंब गायब.

त्यानंतर लॉगिनवरून जुंपली. आधी मोबाइल नंबर, मग ओटीपी, मग लोकेशनची परवानगी, मग अटी मान्य, मग जन्मतारीख. मूत्राशयात १५०-२०० मिली साठलं की मेंदूकडे पहिला निरोप जातो, आणि ४००-५००च्या घरात त्या निरोपाची धमकी होते. धमकीच्या टप्प्यावरच्या बाईला 'ओटीपी आला नाही? ३० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करा' असं सांगणारा माणूस समोर सापडला, तर तिने काय केलं असतं ते लिहिण्यासारखं नाही. "पण जन्मतारीख कशाला हवी?" मी विचारलं. मार्केटिंगवाले म्हणाले, "वाढदिवसाला ऑफर पाठवता येते." कसली ऑफर, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

ही कल्पना जगाला काही नवीन नाही. ऑस्ट्रेलियात सरकारचाच शौचालयांचा नकाशा २००१ पासून आहे. तिथे अपंगांसाठीच्या अनेक स्वच्छतागृहांना एकच सामाईक किल्ली चालते आणि ती कुठे लागेल हेही नकाशात दिसतं. आपल्याकडे २०१६च्या अखेरीस गूगलने दिल्ली परिसर, इंदूर आणि भोपाळची सार्वजनिक शौचालयं नकाशावर आणली. हे ऐकून आमचे साहेब खूश झाले. "म्हणजे डेटा आहे! आपण फक्त सुंदर दाखवायचा."

डेटा खरा आहे का ते बघायला मला बाजारपेठेत धाडलं. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचं जीपीएस साधारण पाच मीटर इकडेतिकडे होतं. जुन्या वाड्यांच्या बोळात ते कुठे जाईल ते त्याचं त्यालाही माहीत नसतं, पण नुसते पाच मीटरसुद्धा बाईमाणसाला पुरुषांच्या दारात नेऊन उभं करायला भरपूर होतात. 'आपण पोहोचला आहात', मोबाइल खणखणीत आवाजात म्हणाला. आतले तीन गृहस्थ वळून बघायला लागले. वळण्यासारखी त्यांची परिस्थिती नव्हती.

बायकांच्या दाराला कुलूप. शेजारी चहाची टपरी.

"दादा, याची किल्ली?"

"मावशींकडे."

"मावशी कुठंयत?"

"जेवायला गेल्यात."

"कधी येतील?"

"सकाळीच गेल्यात."

"पण कुलूप कशाला लावायचं?"

"बायका येतच नाहीत ना ताई."

"का येत नाहीत?"

"कुलूप असतं ना."

एवढं बोलून त्याने शांतपणे आलं ठेचायला घेतलं. त्याचा चहा उत्तम होता, असं लोक म्हणतात. त्या क्षणी चहा पिण्याची माझी छाती नव्हती.

ऑफिसात येऊन मी सांगितलं की 'उघडे' आणि 'बंद' अशा दोन ठिपक्यांवर हे भागणार नाही. उघडं आहे पण पाणी नाही. पाणी आहे पण बादलीला मग नाही. दिवा आहे पण त्याचं बटण पुरुषांच्या बाजूला. कडी आहे, पण ती ज्यात अडकायची तो कोयंडा कुणीतरी उपसून नेलेला. आणि खुंटी तर नसतेच. खुंटीचा फिल्टर मी मागितला तेव्हा मीटिंगमधले सगळे पुरुष माझ्याकडे बघत राहिले. मग मी फळ्यावर चित्रच काढलं. एक हात दार ओढून धरायला. पर्स गळ्यात. पर्स पुढे घसरते म्हणून हनुवटीने दाबलेली. मोबाइल दातांत, कारण कुर्त्याला खिसा नसतो. ओढणी दोनदा मानेला गुंडाळलेली. उरलेल्या एका हाताने बाकीचं सगळं. आणि बाहेरून कुणीतरी विचारतंय, "आत कुणी आहे का?" दातांत मोबाइल धरून 'आहे' म्हणून बघा एकदा.

"पर्स बाहेर ठेवता नाही का येत?" साहेबांनी विचारलं. म्हटलं, वहिनींना फोन लावा आणि त्यांनाच विचारा. खुंटीचा फिल्टर मंजूर झाला.

पैशांचा रकाना त्याहून अवघड निघाला. लघवीला पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, या न्यायाविरुद्ध मुंबईत बायकांनी २०११ पासून 'राइट टू पी' ही मोहीमच चालवली. तरी एका ठिकाणी टेबलावरच्या काकांनी मला ऐकवलंच, "तुम्ही आत कशाला जाता ते आम्हाला कसं कळणार?" या प्रश्नासाठी ॲपमध्ये कुठला पर्याय ठेवायचा, यावर डेव्हलपर अजून विचार करतोय.

सगळंच वाईट आहे असं नाही. १९७० साली बिंदेश्वर पाठकांनी सुलभ सुरू केलं, आणि आता निम्म्या गावांत पत्ता सांगताना 'सुलभपासून डावीकडे' म्हणतात. पुण्यात २०१६ मध्ये भंगारात निघालेल्या बसगाड्यांची बायकांसाठी 'ती' स्वच्छतागृहं झाली. जन्मभर जिच्यामागे धावलो, ती बस अखेर एका जागी आपली वाट बघत उभी राहिली, हे मला फार आवडलं. हा ठिपका मी मुद्दाम मोठा केला.

चाचणीसाठी पन्नासेक माणसांना ॲप दिलं तर त्यांनी तारे आणि अभिप्राय द्यायला सुरुवात केली. 'जागा ठीक, पार्किंग नाही.' 'सहकुटुंब गेलो होतो, छान अनुभव.' 'पूर्वीची मजा राहिली नाही.' एकाने पाच तारे देऊन खाली लिहिलं होतं, 'बंद होते.'

शेवटी ॲप आईला दाखवलं. माझी आई बाहेर पडायच्या दोन तास आधी पाणी बंद करते. बाटली मात्र काठोकाठ भरून सोबत घेते आणि संध्याकाळी तशीच भरलेली परत आणते. तिने चष्मा वर सारून नकाशा बघितला. "हे काय कामाचं?" असं म्हणून तिने स्वतःचा नकाशा तोंडी सांगायला घेतला. कोपऱ्यावरच्या साडीच्या दुकानात पहिल्या मजल्यावर, काउंटरच्या मागे, स्वच्छ, खुंटी आहे. मात्र गेल्या गेल्या विचारायचं नाही. आधी दहाबारा साड्या उलगडू द्यायच्या, एखादी खांद्यावर टाकून आरशात बघायची, मग हळूच "दादा, बाथरूम आहे का हो?" दहा साड्या घडी करायच्या म्हणजे त्यालाही वेळ मिळतो, आपल्यालाही. सोनाराकडे बरं असतं, पण दिवाळीत नको. बँकेत ओळख लागते. सुनंदामावशीकडे जाता येतं, पण ती जेवल्याशिवाय सोडत नाही, आणि जेवायचं म्हणजे ताक आलं, ताक आलं की पुढचा स्टॉप शोधा.

मी लॅपटॉप उघडून सगळं भराभर टिपायला लागले. असा डेटा कुठल्या कंपनीकडे असणार? आईने तिथल्या तिथे झाकण मिटवलं.

"मुळीच टाकायचं नाही नकाशावर. उद्या तिथे रांग लागेल, दुकानदार पाटी लावेल, मग आम्ही कुठे जायचं?"

"अगं, निदान एखादं तरी."

तिने बराच विचार केला.

"त्या दाताच्या डॉक्टरांचं टाक. तिथं तसंही कुणी आपणहून जात नाही."